येणे बाकी

एखादा जुना चरित्र अभिनेता गेला की आपल्याकडे त्याचं सुतक मोबाइलवर पाळलं जातं, तेही जेमतेम दोन दिवस. पहिल्या दिवशी फोटो, एखादा गाजलेला संवाद, जोडलेल्या हातांची खूण. दुसऱ्या दिवशी भांडण. एक पक्ष म्हणतो, एवढ्या ताकदीच्या नटाची या लोकांनी माती केली, जन्मभर नोकर, इन्स्पेक्टर आणि मुलीचा बाप करायला लावलं. दुसरा म्हणतो, भूमिका छोटी नसते हो, नट छोटा असतो. अमक्या प्रसंगात त्यांनी नायकाला खाऊन टाकलं होतं की! मग कुणी तिसरा येतो आणि शहाणपणाचं बोलल्यासारखं विचारतो, पण मिळेल ते काम घ्यायला सांगितलं होतं कुणी? वर्षाला दोनच, पण निवडक केली असती तर? तिसऱ्या दिवशी आणखी कुणी गेलेलं असतं, नाहीतर मॅच असते.

हे तिघेही मला सारखेच चुकलेले वाटतात, कारण तिघांच्या हातातली मोजपट्टी नायकाचीच आहे. 'माती केली' म्हणणारा धरून चालतो की प्रत्येक नट हा मुळात होऊ घातलेला नायक, आणि जो झाला नाही तो फसला. 'खाऊन टाकलं' म्हणणारा त्याला पाच मिनिटांचा नायक करून स्वतःचीच समजूत काढतो. 'निवडक'वाला तर नायकाच्या घरात बसूनच सल्ला देतोय. माझं म्हणणं असं की शे-दोनशे चित्रपट, तीस-चाळीस नाटकं आणि मोजदाद नसलेल्या मालिका करणाऱ्या माणसाचा हा एक स्वतंत्र धंदा आहे, सुतारकामाइतका स्वतंत्र. त्याच्याबद्दल बोलायचं तर आधी पैशाचं, नावाचं आणि नोंदीचं बोलू. हळहळ नंतर करता येईल.

गिरगावात आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर असे एक गृहस्थ राहत. सगळी चाळ त्यांना हवालदारकाका म्हणायची. गंमत म्हणजे खालच्याच मजल्यावर खरोखरचे एक हवालदार राहायचे, त्यांना मात्र सगळे आडनावाने हाक मारत. काकांच्या खोलीत दाराआड खिळ्याला एक रुंद पट्टा लटकलेला असे, पितळी बकलाचा, स्वतःच्या पैशाने घेतलेला. कपडेपटातून मिळतो तो पट्टा पोटावर बसत नाही, आणि पट्टा बसला नाही तर हवालदार उभाच राहत नाही, असं ते म्हणायचे. रविवारी सकाळी गॅलरीत बसून त्या बकलाला ब्रासो लावणं हा त्यांचा नेम. दुसरी वस्तू म्हणजे लाल कापडी बांधणीची वही. तारीख, सिनेमाचं किंवा मालिकेचं नाव (पुष्कळदा 'नाव ठरायचे आहे'), शिफ्ट, ठरलेली रक्कम, आलेली रक्कम आणि शेवटच्या रकान्यात 'येणे'. मालिकेचे पैसे तीन महिन्यांनी येणं हे या धंद्यात वेळेवर येणंच समजतात. काही नोंदींपुढचं 'येणे' मात्र वर्षानुवर्षं तसंच. नाटकाचा हिशेब वेगळ्या पानांवर, कारण तिथे नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, पाकिटात मिळायची, प्रयोग संपल्यावर, मेकअप उतरवता उतरवता. आठवडाभर गोरेगावची फिल्म सिटी आणि शनिवार-रविवार शिवाजी मंदिर नाहीतर दीनानाथ, असं त्यांचं आयुष्य चाललं. कॉलेजात असताना मी एकदा आगाऊपणे विचारलं होतं, काका, मोठी भूमिका का नाही केलीत कधी? ते म्हणाले, "तुझे वडील बँकेत आहेत ना? ते चेअरमन का नाही झाले, असं विचारतोस का रे त्यांना?"

मराठी प्रेक्षकाला तर हे कळायला काही अडचण पडू नये. १९१९ साली 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं. नाटक सुधाकराचं आणि सिंधूचं. सुधाकर गणपतराव बोडसांनी केला, सिंधू बालगंधर्वांनी. शंभर वर्षांनी भाषेत कोण उरलं? एकतीस डिसेंबरच्या रात्री नाकाबंदी लागते आणि पेपरात मथळा येतो 'तळीरामांवर कारवाई'. 'सुधाकरांवर कारवाई' असं लिहिलेलं कुणी पाहिलंय का? सुधाकराला गोष्ट आहे. तो चढतो, पडतो, त्याच्यासाठी डोळे भरून येतात आणि पडदा पडला की तो संपतो. तळीरामाला, म्हणजे सुधाकराच्या दारूतल्या साथीदाराला, गोष्ट कमी आणि वस्ती जास्त. तो प्रत्येक नाक्यावर भेटतो, म्हणून तो सामान्यनाम झाला. सुनेला छळणाऱ्या बाईला आपण 'ललिता पवार' म्हणतो आणि समोरच्याला पुढे काही विचारावं लागत नाही. एखाद्या समाजाला ओळखायच्या माणसांचे साचे ज्यांनी घडवून दिले, ते वाया गेले असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा. साचे घडवणं ठीक, पण नटाला एकदा त्यात कोंबलं की बाहेर पडू देत नाहीत, त्याचं काय? हे खरं आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. जगदीश राज यांनी १४४ चित्रपटांत पोलीस इन्स्पेक्टर केला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. असा विक्रम कुणाला हवासा वाटेल? रीमा लागू 'पुरुष'सारख्या नाटकात उभ्या राहायच्या तेव्हा त्यांची ताकद प्रेक्षकांनी पाहिली होती. हिंदीने त्यांना १९८८ पासून जी आई केली ती कायमची. 'वास्तव'मध्ये त्या संजय दत्तची आई आहेत, आणि दोघांच्या वयात अंतर आहे एका वर्षाचं. सुलभा देशपांडे म्हणजे 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली बेणारे. दादरच्या छबिलदास शाळेत शिकवणाऱ्या आणि त्याच शाळेच्या सभागृहातून एक अख्खी नाट्यचळवळ उभी करणाऱ्यांपैकी एक. हिंदी पडद्याने त्यांना बरीच वर्षं आई, आजी, सासू यांच्या पलीकडे फारसं पाहिलं नाही. आणि मराठी नट म्हटला की हवालदार, मराठी नटी म्हटली की मोलकरीण, हा हिंदीचा हिशेब तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मुंबईत राहून, मुंबईत काम करून, मुंबईवरच्याच सिनेमात 'साब, साब' करायचं. याचा राग यायलाच हवा.

पण राग कुणावर? तो साचा पाडणाऱ्यावर हवा, आणि आपण तो फिरवून बिचारेपणाच्या रूपाने त्या नटाच्याच अंगावर घालतो. रीमाताईंनी आई केली म्हणून त्या वाया गेल्या, असं म्हटलं की त्यांनी त्या आईत काय केलं ते बघायची जबाबदारीच संपते. 'मैंने प्यार किया'च्या आधीची हिंदी आई शिवणयंत्रावर खोकत बसलेली असायची. ही आई मुलाशी मैत्रिणीसारखी हसते आणि 'वास्तव'मध्ये तीच आई हातात पिस्तूल धरते. एकाच चौकटीत इतकी लांबची दोन टोकं गाठणं हे नायिकांनाही सहसा जमत नाही, कारण त्यांना दहा वर्षांपेक्षा जास्त मुदत कुणी देत नाही. ललिताबाईंचं उदाहरण तर आणखी ठसठशीत. येवल्यात १९१६ साली जन्म, मूकपटांपासून काम. १९४२ मध्ये एका शूटिंगला थोबाडीत मारण्याचा प्रसंग होता, थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला लकवा आणि डावा डोळा कायमचा अधू. नायिका म्हणून सगळं तिथेच संपलं. जी कारकीर्द आज आपल्याला आठवते ती त्यानंतरची: 'श्री ४२०'मधली केळेवाली, 'अनाडी'मधली मिसेस डिसा, छोट्या पडद्यावरची मंथरा. ती थप्पड बसली नसती तर बरं झालं असतं, यात वाद नाही. पण पुढचं जे घडलं ते उरलेल्या डोळ्यावर आणि प्रचंड अकलेवर घडवलेलं काम आहे. त्याला शोकांतिका म्हणणं हा त्या बाईंचा अपमान.

हे काम नेमकं असतं काय, ते एका जागी दाखवतो. 'दीवार'मधला बूटपॉलिशचा प्रसंग आठवा. पोरगा फेकलेलं नाणं उचलत नाही, हातात द्या म्हणतो. आपल्या डोक्यात राहतो तो पोरगा. पण तो प्रसंग पुन्हा बघा आणि फक्त पॉलिश करून घेणाऱ्या इफ्तेखारकडे बघा. पाय पुढे केलेला, बसण्यात सवयीचा निवांतपणा, आणि मग त्या चेहऱ्यावर किंचित थांबून येणारी एक नोंद: हे काहीतरी वेगळं आहे. तो माणूस मोठा आहे हे आपल्याला पटलेलं असतं, म्हणून त्याने पोराला मोठं मानलं की आपणही मानतो. पुढचे अडीच तास अमिताभच्या खांद्यावर जे वजन आहे त्याची पहिली वीट तिथे बसली. दाराची बिजागरी कुणी बघत नाही, पण ती सैल असली की दार कुरकुरतं आणि मग सगळ्यांना ऐकू येतं. नायक भारी वाटतो तो पुष्कळदा त्याच्याकडे बघणाऱ्यामुळे.

दुसरा आक्षेप संख्येचा. एवढं कशाला केलं? दोनशेतले वीस सोडले तर उरलेलं बघवत नाही. हेही बऱ्याच अंशी खरं, आणि हे नट खाजगीत आपल्यापेक्षा जास्त कडक शब्दांत बोलतात. पण या आक्षेपात एक छुपा समज आहे, की थोडं काम करणारा आपोआप चांगलं करतो. निळू फुल्यांकडे बघा. पुण्यातल्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, सेवादलाच्या कलापथकात तयार झालेला माणूस. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने गाजला, १९६८ मध्ये 'एक गाव बारा भानगडी'तून पडद्यावर आला आणि मग पाटील, सरपंच, सावकार यांची रांग लागली. टीकाकार नाकं मुरडत होते. पण 'सामना'तला हिंदुराव धोंडे पाटील कुठून आला? त्या रांगेतूनच आला. बेरकी पाटलाचं चालणं-बोलणं अंगात इतकं मुरलेलं होतं की हिंदुराव करताना त्यांना ते दाखवावं लागलं नाही, झाकता आलं. साखर कारखान्याच्या त्या सम्राटाचा आवाज चढत नाही, आणि म्हणूनच तो भीतिदायक आहे. गवई तोच यमन जन्मभर गातो, त्याला कुणी 'तेच तेच' म्हणत नाही. (हो, गवई आपला राग स्वतः निवडतो आणि नटाला प्रॉडक्शनकडून फोन येतो, हा फरक मला मान्य आहे.) आणि मुळात संख्येचा प्रश्न विचारणाऱ्याने मुंबईत भाडं भरून, रोजावर, पुढच्या महिन्याची खात्री नसताना वर्षाला दोन निवडक कामं करून दाखवावीत.

ही अवस्था काही ब्रह्मदेवाने लिहिलेली नव्हती. १९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा तिचे मालक तिघे होते: बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस. म्हणजे एक तारा, एक संगीतकार आणि एक असा नट, ज्याचा 'संशयकल्लोळ'मधला फाल्गुनराव आणि 'मानापमान'मधला लक्ष्मीधर लोक डोक्यावर घेत. 'मानापमान'मध्ये लोक गाण्यांसाठी जात हे उघड आहे, पण पैसेवाल्या भित्र्या लक्ष्मीधराशिवाय ते नाटक उभं राहत नाही, हे त्या काळच्या धंद्याला कळत होतं. त्यामुळे बोडस गल्ल्यात भागीदार होते. तो सुवर्णकाळ होता असं मी म्हणत नाही. भागीदारी टिकली नाही, मंडळी कर्जात बुडाली, कंपनीतल्या साध्या नटाला पगार आणि पंगत याशिवाय फारसं काही मिळत नव्हतं. पण दुय्यम म्हणवल्या जाणाऱ्या भूमिकेचा नट धंद्याचा मालक असू शकतो, ही कल्पना तेव्हा कुणाला वेडेपणाची वाटली नाही. आज तशी मागणी करून बघा.

आज काय आहे? 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला लागला. ग्रँट रोडच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला, आणि तेव्हापासून टीव्ही, कॅसेट, सीडी, मोबाइल, टी-शर्ट, जाहिराती असा पन्नास वर्षं चालूच आहे. त्यातल्या कालियाला, म्हणजे आपल्या विजू खोट्यांना, पडद्यावर मिनिटं किती? सांबाचे लक्षात राहिलेले शब्द किती? तीन. आणि त्या तीन शब्दांची नक्कल न केलेलं पोरगं या देशात सापडायचं नाही. पैसे मात्र एकदाच, तेव्हाच्या दराने. भूमिका छोटी नसते हे वाक्य म्हणूनच मला ऐकवत नाही. भूमिका छोटी नसेलही, चेक छोटा असतो, आणि तो छोटा ठेवायच्या वेळी हेच वाक्य सगळ्यात गोड आवाजात म्हटलं जातं.

कायदा आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलाकाराच्या कामाचा व्यावसायिक वापर झाला तर त्याला रॉयल्टीचा हक्क मिळाला. पण त्याच कायद्यात 'कलाकार' कोण याची जी व्याख्या आहे तिला एक शेपूट जोडलं आहे. चित्रपटात ज्याचं काम प्रासंगिक स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, तो कायद्याच्या लेखी कलाकारच धरायचा नाही. आपलं काम तोडूनमोडून बदनामी केली तर तक्रार करण्याचा हक्क तेवढा त्याला ठेवला आहे. हे वाचल्यावर पडद्यावरच्या पळत्या नावांकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो. ते नाव म्हणजे मान नव्हे, सातबारा आहे. ज्याचं नाव तिथे चढलं नाही त्याला पुढे दाद कुठे मागायची? आणि मालिकांमध्ये तर ती पाटी बहुतेक वाहिन्या इतक्या वेगाने पळवतात की वाचायला गरुडाचे डोळे हवेत. नाटकाच्या पेपरातल्या जाहिरातीत दोन नावं मोठी, बाकीच्यांची कधी येतात, कधी जागा नसते.

यावर निर्मात्यांचं उत्तर ठरलेलं आहे, आणि ते पोकळ नाही. मराठी चित्रपट बहुतांशी पैसे गमावतो, नाटकाला दौऱ्याचा खर्च झेपत नाही, रॉयल्टी द्यायची कुठून? पण वाटा मागणारा मिळकतीत वाटा मागतो. मिळकत शून्य असेल तर वाटाही शून्य, त्यात निर्मात्याचं जाणार काय? प्रश्न ज्या मोजक्या गोष्टी वर्षानुवर्षं दुभत्या गाईसारख्या दूध देतात त्यांचा आहे. हॉलिवूडचे स्टुडिओही असंच रडत होते. १९६० साली तिथल्या नटांच्या संघटनेने संप केला. अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन, जे काही तांबडा बावटा घेऊन फिरणारे नव्हते. संपात नटांना सगळं मिळालं नाही, आधीच्या चित्रपटांवरचं पाणी सोडावं लागलं. पण तिथून पुढचा चित्रपट टीव्हीवर लागला की नटाचा वाटा ठरला, आणि आजारपण-निवृत्तीसाठी निधी उभा राहिला. स्टुडिओ काही बुडाले नाहीत.

आपल्याकडे निधीऐवजी आवाहन असतं. ए. के. हंगल मूळचे शिवणकाम करणारे, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेले, इप्टा या नाट्यसंस्थेच्या रंगमंचावर घडलेले. पन्नाशी उलटल्यावर सिनेमात आले आणि सव्वादोनशेच्या आसपास चित्रपट केले. २००६ साली पद्मभूषण. २०११ मध्ये त्यांच्या मुलाला औषधपाण्याच्या खर्चासाठी लोकांपुढे हात पसरावा लागला. मग मदत आली, कॅमेरे आले, पुढच्या वर्षी ते गेले. ज्यांनी मदत केली त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण सव्वादोनशे चित्रपटांतून दर वेळच्या प्रक्षेपणाचा एक एक रुपया जमा झाला असता तरी ती मदत लागली असती का? मदत घेताना मान खाली जाते. हक्काचे पैसे घेताना सही करायची असते.

पुरस्कारांनी हे भरून निघेल असं मानणारे अजून आहेत. राष्ट्रीय पुरस्कारांत अभिनयाची दखल १९६७ च्या चित्रपटांपासून घेतली जाऊ लागली, साहाय्यक भूमिकांची १९८४ च्या चित्रपटांपासून. मधली सतरा वर्षं या मंडळींनी जे केलं ते सरकारदरबारी झालंच नाही. तेव्हा पहिल्याच वर्षी 'पार्टी'साठी रोहिणी हट्टंगडींना तो मिळाला याचा आनंद आहे, पण पुरस्काराने कुणाचं 'येणे' वसूल होत नाही. शिवाय तो 'साहाय्यक' शब्दच मला खटकतो. बोडस कुणाला साहाय्य करत होते?

हवालदारकाका जाऊन आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी चाळ रिकामी करायची वेळ आली तेव्हा काकूंनी सामान काढलं आणि वही मला दिली, तुला या विषयाचा नाद आहे म्हणून. शेवटची नोंद एका मालिकेची, तीन दिवस, रात्रपाळी, आणि समोर 'येणे'. मी मागची पानं चाळत होतो. वहीत एकूण कामं किती ते मोजायचा प्रयत्न केला, चारशेच्या पुढे गेल्यावर सोडून दिला. त्यातल्या किती ठिकाणी त्यांचं नाव पडद्यावर आलं असेल कोण जाणे. टीव्हीवर दुपारचा कुठला तरी जुना हिंदी सिनेमा चालू होता, आवाज बंद करून. काकू बरण्या बांधता बांधता एकदम थांबल्या. पडद्यावर पोलीस चौकी होती, मागे कुणीतरी दार उघडून सलाम ठोकून बाजूला झालं. चेहरा नीट दिसलाही नाही.

"तो पट्टा आपला," काकू म्हणाल्या, आणि पुन्हा बरणीला दोरी गुंडाळायला लागल्या.